गाठोडेकाका

दसरा झाला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दोन गोष्टी बाहेर निघतात. पहिली म्हणजे माळ्यावरचा गेल्या वर्षीचा आकाशकंदील आणि दुसरी गाठोडेकाकांची सतरंजी. पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाशेजारी ती अंथरली जाते. तिच्यावर एक प्लॅस्टिकचं स्टूल, एक रजिस्टर, लाल आणि निळं बॉलपेन, श्रीखंडाच्या डब्यात बटणं, नाड्यांचं भेंडोळं आणि नाडी ओवायची मोठी सेफ्टीपिन असा सरंजाम मांडला जातो. नोटीस बोर्डावर कागद लागतो : ‘जुने कपडे स्वीकारले जातील. तपासणीनंतर.’ लोक पहिलं वाक्य वाचून खाली येतात. दुसऱ्याचा अर्थ त्यांना खाली आल्यावर कळतो.

असा एखादा निवृत्त गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. कुठे तो पाण्याच्या टाकीच्या मागे लागलेला असतो, कुठे पार्किंगच्या पट्ट्यांच्या. आमच्या वाट्याला कपड्यांचा आला. काका 36 वर्षं बँकेत कॅशिअर होते, शेवटची 9 हेडकॅशिअर. आयुष्यभर त्यांनी नोटा वेगळ्या केल्या : चांगल्या पुन्हा चलनात, मळक्या आणि फाटक्या रिझर्व्ह बँकेकडे. निवृत्तीच्या दिवशी बँकेने त्यांच्या हातातल्या नोटा काढून घेतल्या, पण हात तसेच राहिले. त्या हातांना आता शर्ट पुरवावे लागतात.

शर्ट समोर आला की काका तो आधी उजेडासमोर धरतात. का, ते कोणी विचारत नाही, कारण शर्टात वॉटरमार्क नसतो हे त्यांनाही माहीत आहे. मग कॉलर उलटी करतात, बगल बघतात, बटणं मोजतात. पँटची चेन 3 वेळा खालीवर होते. परकरात आणि सलवारीत नाडी आहे की नाही ते पाहिलं जातं. “बिननाडीचा परकर म्हणजे बिनसहीचा चेक,” काका म्हणतात, “दिसतो सगळा, वटत नाही.”

त्यानंतर खिसे. खिसे तपासल्याशिवाय कपडा पुढे सरकत नाही. त्यांतून रेल्वेचे पास, बडीशेप, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि एकदा एका कोटातून 500 ची जुनी नोट निघाली. 2016 च्या नोव्हेंबरपूर्वीची. कोटाचे मालक आनंदाने पुढे झाले. काकांनी नोट उजेडासमोर धरली, कोट उजेडासमोर धरला आणि दोन्ही परत देत म्हणाले, “दोन्ही बाद.”

तपासणीनंतर ढीग होतात तीन. पहिला ‘चलनी’, म्हणजे कोणीही उद्या सकाळी घालून कामावर जाऊ शकेल असा. दुसरा ‘मळका’, म्हणजे धुवून, उसवून, टाके घालून सुधारेल असा. तिसरा ‘फाटका’. माझ्यासारख्याला वाटतं की तिसरा ढीग म्हणजे कचरा. तसं म्हटलं की काका दुखावतात. “अहो, फाटक्या नोटेचेसुद्धा नियम असतात. किती शिल्लक आहे त्यावर किंमत ठरते.” सुती बनियन गॅरेजवाल्याला पुसायला जातं. मऊ लुगडी गावाकडे गोधडीसाठी. पॉलिस्टर मात्र पाणी पीत नाही, त्यामुळे त्याचं पायपुसणंही धड होत नाही. पॉलिस्टरबद्दल काका एखाद्या थकबाकीदाराबद्दल बोलावं तसे बोलतात. आणि फाटक्या स्वेटरांसाठी त्यांच्याकडे फार वरची जागा आहे. “पानिपत! तिथे लोकरीचे जुने कपडे आधी रंगांप्रमाणे वेगळे करतात, पिंजतात, पुन्हा धागा काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. आपलं तिथे काय झालं ते झालं, पण स्वेटरचं कल्याणच होतं.”

काकांचं खरं वैर आहे ते देणाऱ्यांशी. आमचे कपडे घेणाऱ्यांना ते अजून भेटलेले नाहीत, पण त्यांच्या वतीने भांडायला ते तयार बसलेले असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एक जीन्स आणतात आणि ऐन वेळी मागे ओढतात. “राहू दे काका. बारीक झाले की होईल मला.” काका रजिस्टर मिटतात. “वहिनी, 90 दिवस हप्ता आला नाही की बँक कर्ज बुडीत धरते. ही जीन्स कधीपासून थकली आहे?” वहिनी हळूच म्हणतात, “मनू पोटात होता तेव्हापासून.” मनू आता इंजिनिअरिंगला आहे. जीन्स चलनी ढिगात जाते.

दुसरा प्रकार लग्नातल्या थ्रीपीस सुटाचा. प्रत्येक घरात एक असतोच. तो एकदाच घातलेला असतो आणि त्यामुळे देणाऱ्याला वाटतं की आपण हिरा देतोय. मीही माझा नेला होता. काका बराच वेळ पाहत राहिले. “उत्तम आहे. भातलावणीला कोण घालेल हा?” मी म्हटलं, कोणाच्या लग्नाला होईल. “मग लग्न ठरलेला मुलगा शोधा, माप जुळवा आणि स्वतः नेऊन द्या. मी पोतं भरतोय, वधूवर सूचक मंडळ चालवत नाही.” सूट घेऊन मी जिना चढलो. आमच्याकडे तो अजून आहे.

ब्लाउज हा काकांच्या कामातला सर्वात नाजूक विभाग. साडी कुणालाही होते, ब्लाउज मात्र एकाच बाईला होतो आणि तोही एकाच वर्षी. पहिल्या वर्षी ब्लाउजांचा ढीग पाहून काका हताश झाले होते. तेव्हा काकूंनी खाली येऊन एक ब्लाउज उलटा केला आणि बाजूची शिवण दाखवली. “हे बघा, आत माया सोडली आहे. दोन्हीकडे इंचभर. उसवलं की मोठ्या बाईलाही होईल.” शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात हे 36 वर्षं नोटा मोजणाऱ्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून रजिस्टरात एक नवा रकाना आहे : ‘माया – आहे / नाही’. सोसायटीतल्या ज्या बायकांनी स्वस्तातल्या शिंप्याकडे ब्लाउज शिवले, त्यांच्या नावापुढे लाल शाईत ‘माया नाही’ असं लिहिलेलं आहे. त्यावरून दोन घरांत थोडं वाजलंही.

एवढं कशाला करायचं, असं त्यांना एकदा विचारलं. काका एरवी उत्तर लगेच देतात; त्या दिवशी त्यांनी आधी हातातल्या शर्टाची घडी घातली. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्यांची बदली लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत झालेली होती. महाराष्ट्रभरातून मदत आली. धान्य आलं, तंबू आले आणि कपड्यांचे ट्रकही आले. “मी एक पोतं उघडलं. आत गाऊन, टाय, एका पायाचा मोजा आणि बटणं काढून घेतलेले शर्ट. बटणं काढून घेतलेले! समोर उभी माणसं कोण? धोतर-टोपीतले शेतकरी, नऊवारीतल्या बायका. माझ्याच काउंटरवर येऊन वेळेवर पीककर्ज फेडणारे. घर पडलं म्हणजे माणूस भिकारी होतो का हो?” एक म्हातारा त्या ढिगाकडे पाहून नुसता हसला होता म्हणे. “आपल्याला वाटतं दिलं की आपल्या खात्यात पुण्य जमा. अहो, फाटकं दिलं तर ते घेणाऱ्याच्या नावे खर्च पडतं. घर उभारायचं सोडून त्याने आता आपला कचरा टाकायचा.”

म्हणूनच दिल्लीच्या ‘गूंज’ या संस्थेबद्दल ऐकल्यापासून काका तिच्यावर खूश आहेत. अंशू गुप्तांनी 1999 मध्ये ती सुरू केली आणि 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे काका वरच्यावर सांगतात. पण त्यांना भावलं ते वेगळंच. गावकऱ्यांनी मिळून विहीर खणायची, रस्ता नीट करायचा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी तिथली एक पद्धत आहे. “म्हणजे हा पगार झाला,” काका स्टुलावरून उठून म्हणाले. “पगारात फाटकी नोट चालेल? युनियन काय म्हणेल?” जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड करतात हे कळलं तेव्हा मात्र काका लाजले होते. रजिस्टरात त्यांनी नुसतं ‘सुती, मऊ, विशेष’ असं लिहिलं. आता लाज गेली आहे. आता ते पंपाच्या आवाजावर आवाज चढवून पार्किंगमधल्या पुरुषांना जुन्या चादरींचं महत्त्व समजावतात आणि पुरुष घाईने स्कूटरला किक मारतात.

काकांनी आयुष्यात एकाच व्यक्तीपुढे हार मानली. ती बोहारीण. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी. काकूंची आणि तिची जुनी ओळख. काकांच्या मते जुन्या कपड्यांवर पातेलं घेणं म्हणजे दानात कमिशन खाणं, म्हणून एकदा ते मुद्दाम व्यवहाराला बसले. काकूंनी एक जरीची साडी पुढे केली. बोहारणीने ती उजेडासमोर धरली. काका ताठ झाले. तिने पदर दोन्ही हातांनी ताणला, काठ नखाने खरवडला, घडीवरची रेघ बोटाने चाचपली. “घडीत चिरलीय, बाई. जर खोटी. छोटी वाटी देईन.” हे सगळं 10 सेकंदांत. ती गेल्यावर काका कितीतरी वेळ जिन्याकडे पाहत होते. “हेडकॅशिअर आहे ती,” म्हणाले. “आणि माल कुठे जाणार, कोण घेणार, किती देणार, हे तिला माहीत आहे. आपल्याला कुठे माहीत असतं?” त्या दिवसापासून ती आली की काका तिला बसायला स्वतःचं स्टूल देतात.

यंदा वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी गाठोडी न्यायला टेम्पो यायचा होता. 10 कपड्यांचं एक गाठोडं, प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर काकांची सही, अशी 41 गाठोडी लागली होती. शेवटचं बांधायचं बाकी होतं आणि त्यात एक कपडा कमी पडत होता. काकूंनी वरून एक पिशवी पाठवली. काकांनी न बघता आतला कपडा उजेडासमोर धरला. राखाडी सफारीचा शर्ट. कॉलर उलटी केली, बटणं मोजली, बगल पाहिली. “खिशावर शाईचा डाग. मळका,” म्हणाले आणि बाजूला टाकला. मग हात थांबला. तो डाग त्यांच्याच पेनाचा होता.

कोणी काही बोललं नाही. काकांनी शर्ट पुन्हा उचलला. “फेरतपासणी,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. बाजूची शिवण उलटी करून बघितली. “माया आहे अजून.”

“आहे ना?” काकू जिन्यात उभ्या होत्या. “मग जाऊ द्या की चलनात. कुणाला तरी होईल.”

काकांनी डागावर लिंबू घासलं, शर्ट ओल्या फडक्याने पुसला, पंख्याखाली धरला, घडी घातली. गाठोड्यात ठेवणार एवढ्यात नियम आठवला. खिसा तपासायचा राहिला होता. बोटं आत घातली तर एक रबरबँड निघाला, नोटांच्या पाकिटाला लावतात तसा. काकांनी तो दोन बोटांत धरून सवयीने ताणून पाहिला.

तुटला.

“बाद,” काका म्हणाले आणि त्यांनी गाठोड्याची गाठ मारली.