हळद लावून गाठ बसत नाही

कुत्र्याच्या अंगावर गाठ दिसली की आपल्या हिंगोलीत सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी बिब्बा लावा म्हणतो, कुणी चुना, कुणी गाडीचं जळकं ऑइल. घोड्याच्या केसानं आवळून बांधा म्हणणाराही पारावर भेटतो. हळद तर वसमतच्या बाजारात पोत्यांनी येते, त्यामुळं पहिला मान तिचा. एवढं सगळं होऊन गाठ फुटली, माशा घोंगावू लागल्या, की मग डॉक्टर आठवतो. माझा राग या उशिरावर आहे.

आधी ती गाठच आहे का, ते बघा. केस बाजूला सारून टॉर्च मारा. कातडीलगत बारीक पाय दिसले तर ती गोचीड. चिमट्यानं अगदी बुडाशी धरून सरळ ओढा, काडीचा चटका देऊ नका. पोटावरची टोकं मात्र गोचीड समजून ओढू नका, नरालाही सड असतात. गोचिडांसाठी पिकावर फवारायचं औषध कुत्र्याला चोळणारे महाभाग आहेत. कुत्रं अंग चाटतं, तोंडाला फेस येतो आणि झटके येऊन जीव जातो.

२०२२ साली लंपीनं गोठ्यांत हाहाकार माजवला, तेव्हापासून गाठ म्हटलं की लंपीच आठवते. लंपी गाईगुरांचा रोग आहे, कुत्र्याचा नाही. त्या भीतीनं कुत्रं शिवेबाहेर नेऊन सोडू नका. नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्याच्या मुलखात हे शोभत नाही.

चरबीची गाठ मऊ असते, बोटाखाली सरकते, सहसा त्रास देत नाही. पण कर्करोगाची गाठही कधी अशीच मऊ लागते, आज फुगते आणि उद्या उतरते. नुसत्या हातानं ती ओळखणं डॉक्टरलाही जमत नाही. त्यासाठी सुई टोचून पेशी काढायच्या, काचपट्टीवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. बहुतेक वेळा भूलही लागत नाही. गाठ दिसली त्या दिवशी शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. हरभऱ्याहून मोठी असेल किंवा महिनाभर टिकली, तर सुई टोचून घ्याच. कुत्रीच्या सडांजवळची गाठ असेल तर महिनाही थांबू नका.

गल्लीतल्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसते. हा कर्करोग समागमातून एकाचा दुसऱ्याला लागतो. लोक दगड मारून हाकलतात, आणि तो बरा होणारा आहे! व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे दिली की बहुतेक कुत्री बरी होतात. हे औषध मूळचं आपल्या अंगणातल्या सदाफुलीचं. म्हणून पानं वाटून लावू नका. इंजेक्शन शिरेतूनच जावं लागतं आणि ते डॉक्टरचंच काम आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात गाई-बैलांच्या रांगेत कुत्रं घेऊन उभं राहायला माणसं लाजतात. लाजायचं काय त्यात? तिथं सोय नसेल तर परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९९९ पर्यंत आपला जिल्हा तोच होता, वाट नवी नाही. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेली गाठ टाकून देऊ देऊ नका. फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवायला सांगा.