वनटू तात्या

गेल्या चतुर्थीला आमच्या घरच्या आरतीचा बोजवारा उडाला तो तात्यामुळे. पखवाजवाल्याने हात उचललेला, झांजा तयार, बुवांनी सूर लावायला तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "वन, टू, थ्री, फोर!" बुवांचं तोंड उघडंच राहिलं. पखवाज थ्रीवर सुटला, झांजा फोरच्या नंतर, आणि पोरं हसत सुटली ती शेवटपर्यंत. आरती संपेपर्यंत कापूर विझला होता. तात्या मात्र काळ्या वाटाण्याच्या उसळीची वाटी हातात घेऊन बुवांनाच समजावत होता, "बुवानू, काउंट दिल्याशिवाय बँड सुटूचो नाय."

असा एक तुमच्याही ओळखीत असणारच. ऐन विशीत वर्षभर कशात तरी होता आणि उरलेला जन्म त्याबद्दल बोलतो. कुणी क्रिकेटच्या निवड चाचणीपर्यंत गेलेला, कुणी पिक्चरमध्ये हिरोमागच्या गर्दीत उभा राहिलेला. आमचा तात्या बँडमध्ये होता. लालबागच्या चाळीत, १९८१ साली, न्यू वेव्ह बँड. बँडचं नाव विचारू नका. ज्या मंडळाने सुपारी दिली त्याचं नाव त्या रात्रीपुरतं बँडला.

तर तो काउंट. सकाळी पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवताना वन, टू, थ्री, फोर. नळे परतायला माणसं छपरावर चढली की खालून वन, टू, थ्री, फोर. एकदा पावसाळ्यात आमची एसटी चिखलात रुतली, सगळे ढकलायला उतरलो. तात्याने आकडे सुरू केले. जगाची रीत तीनला जोर लावायची. तात्याचा जोर चारनंतर. अर्ध्यांनी तीनला रेटलं, अर्ध्यांनी चारनंतर, आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. कंडक्टर काय बोलला ते इथे छापता येणार नाही.

आंगणेवाडीच्या जत्रेचाही त्याने सिद्धांत केलाय. भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल मिळाला की तारीख जाहीर होते आणि मुंबईहून लाखो माणसं निघतात, त्यांच्यासाठी रेल्वे जादा गाड्या सोडते. तात्या म्हणतो, "देवीन एक काउंट दिल्यान, की अख्खी मुंबय एकदम सुटता. ह्येका म्हणतत बँडलीडर."

एवढं त्याला कुठे शिकायला मिळालं? भिंतीपलीकडे. २६ मार्च १९८० रोजी इंग्लंडचा 'द पोलीस' हा बँड मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला. रंगभवनाला छप्पर नव्हतं, तात्याकडे तिकीट नव्हतं. तो रस्त्यावर उभा राहून ऐकत राहिला. रात्री उशिरा घरी गेल्यावर वडिलांना म्हणाला, "पोलिसांच्या प्रोग्रामाक गेललंय." वडील गिरणी कामगार. त्यांना पोलिसांचा एकच बँड माहीत. त्यांनी विचारलं, "परेड खय होती?"

मग बोटीवरच्या मावसभावाने कॅसिओचा व्हीएल-वन आणून दिला. फुटपट्टीएवढं यंत्र, एकोणतीस बटणं आणि त्यातच कॅल्क्युलेटर. स्टेजवर त्याच्यावर गाणं वाजवायचं आणि स्टेजमागे त्याच्यावरच बिदागीची वाटणी करायची. हसू नका, 'ट्रिओ' नावाच्या जर्मन बँडने १९८२ साली याच खेळण्यावरचं गाणं युरोपभर गाजवलं. तात्याला 'ब्लाँडी' बँडची गाणी वाजवायची असायची. खालून चिठ्ठी यायची 'कुर्बानी' पिक्चरच्या गाण्याची. एकदा गावच्या दशावतारात त्याने संकासुराची एन्ट्री कॅसिओवर द्यायचं ठरवलं. काउंट दिला, संकासुर फोरला बाहेर आला, आणि बॅटरी संपली. संकासुराने पुढचा नाच मुकाट केला. म्हातारे अजून सांगतात, इतका भीतिदायक संकासुर परत झाला नाही.

हल्ली भाच्याने त्याला मोबाइलवर चरणजित सिंगची गोष्ट दाखवली, तेव्हापासून तर विचारूच नका. हा मुंबईचा वादक. १९८२ साली त्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरने वाजवून रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले जाणकार थक्क झाले, की जे संगीत पुढे शिकागोत जन्मलं म्हणतात ते इथे आधीच वाजलंय. तात्याने मान डोलवली. "तेका अठ्ठावीस वर्सां लागली. आमकां वायच जास्ती लागतली."

मी एकदा वैतागून म्हटलं, "तात्यानू, तुमच्या बँडचं एक तरी गाणं ऐकवा. नायतर पुरे करा." दुसऱ्या दिवशी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट घेऊन आला. बँडचं एकुलतं एक रेकॉर्डिंग, डिसेंबर १९८१. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. ड्रमवाल्याच्या घरी आधी ड्रम विकले गेले, मग भांडी. गिटारवाला वॉचमन झाला. तात्याचे वडील बिऱ्हाड घेऊन गावी, मसुऱ्याला परतले आणि शिलकीत पिठाची गिरण टाकली. हे सगळं तात्या कधीच सांगत नाही. मला ते माझ्या वडिलांकडून कळलेलं.

आमच्या जुन्या टेपवर कॅसेट लावली. खरखर. मग काठ्यांवर काठ्यांचे चार ठोके आणि वीस वर्षांच्या पोराचा खणखणीत आवाज: वन, टू, थ्री, फोर! ड्रमचा एक दणका. आणि लगेच हजारो माणसांचा गलका, माइकची शिट्टी, आणि कुणीतरी बोनस आणि पगारवाढीवर भाषण करतोय. ड्रमवाल्याच्या बापाला सभा टेप करायला कॅसेट हवी होती, घरात हीच होती. दोन्ही बाजू भाषणच.

मी टेप बंद करायला गेलो. तात्याने हात धरला. त्याचं बोट मांडीवर ठेका धरून होतं, भाषणाचा, आणि मला पहिल्यांदाच त्याला गप्प बस म्हणावंसं वाटलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला तसा तो खूश होऊन म्हणाला,

"बघ, काउंट दिलंय मी, आणि सुटलो कसो ह्यो!"