सोमवार कडक

आमच्या घरात किती जण राहतात असं कोणी विचारलं की मी माणसांचा आकडा सांगते आणि विषय बदलते. माणसं तीन. मी, हे आणि सासूबाई. बाकीच्यांची मोजदाद करायला बसलं की मधेच एखादी गप्पी विते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

गप्पीपासूनच हे प्रकरण सुरू झालं, आणि ते मी नव्हे, सरकारी माणसाने सुरू केलं. १९९४च्या प्लेगने सुरतेची जी अब्रू गेली, ती परत मिळवण्यासाठी महापालिकेने स्वच्छता अशी काही मनावर घेतली की आजही आरोग्य खात्याची माणसं दारोदार फिरून कुंडीखालच्या ताटल्यांत बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधतात. आमच्या हौदात त्या सापडल्या. पण त्या भल्या माणसाने दंडाचं पुस्तक खिशातच ठेवलं आणि पिशवीतून मूठभर गप्पी मासे हौदात सोडले. महिन्याभरात अळ्या संपल्या आणि गप्पी उतू जायला लागल्या.

गप्पीची मादी दर महिन्याला विते, अंडी वगैरे भानगड नाही, थेट पोहणारी पिल्लंच. शिवाय एकदा नर भेटला की तेवढ्या पुंजीवर पुढची काही बाळंतपणं ती नराशिवायच उरकते. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या जरा वेळ हौदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शहाणी आहे."

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून गप्पी वाटल्या. प्लॅस्टिकच्या थैलीत पाणी, पाण्यात एक जोडी, वरून तिळगूळ. उत्तरायणाचे पतंग उडवायला गच्चीवर गेलेल्या बायकांनी आपापल्या टाक्यांत त्या सोडल्या आणि गल्लीतले डास कमी झाले. पुढच्या वर्षी मात्र सगळ्या जणी स्वतःच्याच गप्पी वाण म्हणून घेऊन आल्या.

मी लिंबायतमधल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. वर्गातली निम्मी पोरं धुळे-जळगाव-नंदुरबारकडची. बाप लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये. उन्हाळ्याची सुट्टी लागली की घराला कुलूप ठोकून सगळं बिऱ्हाड भुसावळ लाइनची गाडी पकडून गावाला जातं. जाताना शेगडी, सिलिंडर, पंखा, सगळ्याची सोय लागते. माशाची बरणी तेवढी उरते. ती माझ्या दारात येते. "बाई, जूनपर्यंत फक्त." जूनमध्ये पोरगं परत येतं ते गोट्यांचा नवा छंद घेऊन, आणि बरणी आमच्याकडे कायमची लागते. बाईंकडे काहीही चालतं ही बातमी एकदा वर्गात पसरल्यावर मग पावसाळ्यात चपलांच्या खोक्यातून भेकही यायला लागले. ते मी मधल्या सुट्टीत परत ओल्या गवतात सोडते. भेक मात्र कृतघ्न. जाताना माझ्या तळहातावर मुतून जातो.

कासवाचं तसं नाही. लाल कानांचं अमेरिकन कासव आलं तेव्हा बाटलीच्या झाकणात बसेल एवढं होतं. दुकानदाराने ते घेणाऱ्या पोराला "हे एवढंच राहतं" म्हणून शपथेवर सांगितलं होतं. त्याच्या मायदेशात, म्हणजे अमेरिकेत, चार इंचांपेक्षा लहान पाठीचं कासव विकायला १९७५पासून बंदी आहे, कारण पोरं ते तोंडात घालत आणि साल्मोनेलाने आजारी पडत. आमच्याकडे मात्र ते पिल्लूच खपतं. आता त्याची पाठ पोळपाटाएवढी झाली आहे. दुपारी दिव्याखालच्या विटेवर चढून ते मान लांब काढतं, मागचे दोन्ही पाय शेपटीच्या दिशेने ताणून हवेत धरतं, बोटांमधले पडदे पंख्यासारखे उघडतं आणि डोळे मिटतं. असा ताणलेला निवांतपणा मी शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणात शेवटच्या रांगेतसुद्धा पाहिलेला नाही. ही कासवं तीस-तीस वर्षं जगतात. म्हणजे मी निवृत्त झाल्यावरही ते नोकरीत असणार.

एकदा मिठी खाडीला पूर आला. लिंबायत, पर्वत गावाकडच्या लोकांना खाडीपूर म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलनच. पाणी ओसरल्यावर एका पोराने बादलीतून देशी कासव आणलं, मऊ पाठीचं, पाय आत घेतले की खालून झाकण लावणारं. हे मात्र ठेवता येत नाही. देशी कासव घरात ठेवणं म्हणजे १९७२च्या वन्यजीव कायद्याने सरळ गुन्हा, आणि "बाईंनीच सांगितलं" हा कोर्टात बचाव होत नाही. मी वन खात्याला फोन केला. खाकीतली दोन माणसं बादली न्यायला आली आणि अख्ख्या गल्लीला वाटलं धाड पडली. हे त्या दिवशी मागच्या दाराने कामावर गेले.

शेजारच्या बेनना आमच्याबद्दल आधीपासूनच संशय. पहिली मोठी टाकी आली तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं होतं, "खावा माटे छे?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण दर रविवारी साखर, कोथिंबीर असं काही मागायला येतात आणि मासे मोजून जातात. त्यामुळे मासा मेला की मोठी पंचाईत. तो रात्री गुपचूप जास्वंदीच्या कुंडीत पुरायचा आणि सकाळी तसाच दुसरा आणून सोडायचा. पर्युषणात तर मी नवीन मासा आणतच नाही. आकडा वाढला तरी शंका, घटला तरी शंका.

ॲक्सोलॉटल आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आता उधन्याला मत्स्यालयाच्या दुकानात काम करतो. "बाई, दुकानात गरम होतंय, याला तुम्हीच सांभाळा." मेक्सिकोतल्या सोचिमिल्को तळ्यातला हा उभयचर जन्मभर बाळच राहतो, कल्ले गळत नाहीत, फक्त लांबी वाढते. पाय तुटला तर नवीन फुटतो. फिका गुलाबी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसारे, आणि चेहऱ्यावर कायमचं मंद हसू. नजर अधू. अळी नाकासमोर धरली तरी आधी इकडेतिकडे वास घेत बसतो, आणि मग अचानक तोंड उघडून पाण्यासकट ती आत ओढतो. टप्! पुन्हा तेच हसू, जणू काही झालंच नाही.

एवढा गुणी प्राणी, पण त्याला पाणी लागतं सोळा-अठरा अंशांचं. सुरतेच्या मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येतं. टाकीवर पंखा लावून पाणी उडालं की गारवा येतो, हे धुळ्याच्या कोरड्या हवेत खरं. इथल्या दमट हवेत पंखा बिचारा नुसता फिरतो. बर्फाच्या बाटल्या सोडून पाहिल्या, पुरेना. शेवटी टाकी एसीच्या खोलीत गेली. त्याला सोबत हवी म्हणून सासूबाईंची खाट तिथे गेली. बाहेरच्या खोलीत घाम पुसत हे म्हणाले, "या घरात एसी मिळायला काय करावं लागतं? कल्ले?"

दोन हजार बावीसच्या कायदादुरुस्तीनंतर अशा काही विदेशी प्राण्यांची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवायचं. मी फॉर्म भरत होते तेव्हा सासूबाई मागे उभ्या. "माय वं! मला रेशन कार्डात नाव चढवायला किती हेलपाटे पडले, आणि याचं घरबसल्या?"

फ्रीझरचं राज्य त्यांच्याकडे आहे. माशांच्या खाण्यातल्या रक्तअळ्यांचे गोठवलेले चौकोन दिसायला अगदी कोकमाच्या सारासारखे गडद लाल. शिरपूरच्या भाचेजावयांनी सरबतासाठी एक उचलला, तेव्हापासून डब्यावर सासूबाईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'माणसांसाठी नाही.'

त्यांचा खरा जीव पालींवर. या पाळलेल्या नव्हेत, स्वयंभू. ट्यूबलाइटमागे चार-पाच कायम असतात. अंगावर पडली तर पंचांग उघडून उजवा खांदा की डावा ते बघायचं आणि मगच ओरडायचं की नाही ते ठरवायचं.

पुण्याच्या नीलिमकुमार खैऱ्यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले, हे मी यांना धीर द्यायला सांगत असते. यांचं उत्तर ठरलेलं: "त्यांना ७२ तासांनी बाहेर तरी पडता आलं."

सुरतेच्या पाल भागात २०१४ साली महापालिकेचं मोठं मत्स्यालय सुरू झालं. वनस्पतींना संवेदना असतात हे दाखवणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांचं नाव त्याला का दिलं, हे मला कधी उमगलं नाही. तिथे सहल नेली. पोरं काचेला नाक लावून गप्प उभी होती. इतक्यात एक जण मोठ्याने म्हणाला, "हे काय, बाईंकडे याच्याहून जास्त आहेत." तिथल्या कर्मचाऱ्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

आता यांच्याबद्दल. हे रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये हिशेब लिहितात. तिथे शेठ लोकांच्या गादीमागे फ्लॉवरहॉर्न असतो. मलेशियात १९९०च्या दशकात संकरातून बनवलेला मासा, कपाळावर टेंगूळ. टेंगूळ जितकं मोठं तितकी बरकत, अशी समजूत. एका शेठच्या माशाचं टेंगूळ बसलं. पाणी खराब झालं, मासा दबला की ते बसतंच, पण शेठला त्या सीझनला साड्यांचा माल पडून राहिल्याचं कारण सापडलं. माशाला त्याच दिवशी हाकलायचं ठरलं.

संध्याकाळी हे आले ते एक हात पाठीमागे लपवून. पिशवीत एक रागीट मासा, कपाळ सपाट. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अगं, नाल्यात सोडणार होते. आणि तू काय बोलणार? तू?"

फ्लॉवरहॉर्नला एकट्याला टाकी लागते, शेजारी कोणी दिसलं की तो काचेवर धडका मारतो. जागा फक्त देवघराच्या बाजूची उरली होती. सासूबाईंनी हरकत घेतली नाही, अट घातली. देवाशेजारी राहणाऱ्याने सोमवार पाळायचा. गंमत म्हणजे माशांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवणं पोटाला चांगलंच असतं. पाणीही कमी घाण होतं. तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि सासूबाईंनी तो नियम सरसकट सगळ्यांना लावला.

सोमवारी आता टाक्यांवर झाकणं असतात. फ्लॉवरहॉर्न देवाकडे पाठ करून बसतो. हे दोन वेळा फ्रीझर उघडून चिठ्ठी वाचतात आणि बंद करतात. उपास मोडतात त्या फक्त ट्यूबलाइटमागच्या पाली, आणि त्यांना सासूबाई काही बोलत नाहीत.