बिनमोबदल्याचा सर्व्हे

इतर जिल्ह्यांत पक्षीनिरीक्षकाला लोक वेडा समजतात. आमच्या जालन्यात त्याला मोजणीवाला समजतात. आता समृद्धी महामार्ग इथूनच गेला, ड्रायपोर्टला जमिनी गेल्या, नांदेडकडच्या द्रुतगती मार्गाची मोजणी झाली. दरवेळी आधी कोणीतरी टोपीवाला आला, त्यानं डोळ्याला काहीतरी लावलं, वहीत आकडे लिहिले. पुढे एखाद्याच्या दारात नवी गाडी आली आणि शेजाऱ्याच्या घरात वाटणीचं भांडण. तेव्हा गळ्यात दुर्बीण अडकवलेला माणूस दिसला की गावानं सातबारा शोधायला घ्यावा, हे रीतसरच आहे.

कार्तिक लागतो, तूर फुलोऱ्यात येते, कापसाची वेचणी चालू होते आणि घाणेवाडीच्या तलावावर उत्तरेकडची मंडळी उतरायला लागतात. निजामकाळातला हा तलाव, निम्म्या जालन्याची तहान याच्यावर. काठावर आधी हजेरी लावतो धोबी. हिमालयाकडून आला तरी तोंडावर प्रवासाचा शीण नाही. शेपूट खालीवर करत चिखलाची तपासणी लगेच चालू. मागोमाग थापट्या येतो आणि फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत राहतो. तलवार बदक सैबेरियापर्यंतचं अंतर तोडून येतं आणि आल्या आल्या डोकं पाण्यात, शेपूट आभाळाकडे करून जेवायला बसतं. हळदी-कुंकू बदक आणि टिबुकली इथलीच, बारमाही. त्यांना या गर्दीचं कौतुक नाही. सगळे नीट मोजून होत आले, की वरून दलदली भोवत्या एक घिरटी घालतो. अख्खा तलाव उडतो, आणि माझी मोजणी पुन्हा एकपासून.

इतक्या लांबून आलेल्यांना कोणी काही विचारत नाही. चौकशी होते ती माझी.

“काय पाहू राहिले साहेब?” शेळ्या घेऊन आलेल्या आजोबांनी विचारलं.

“पक्षी.”

त्यांनी तलावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ते तर आम्हालाबी दिसू राहिले. खरं काय ते सांगा.”

तेवढ्यात धोबी उडाला. मी बोट दाखवून म्हणालो, “तो बघा, तिकडं गेला. त्या बाभळीपासून सरळ.”

आजोबांनी ‘बाभळीपासून सरळ’ एवढंच घेतलं. पुढच्या रविवारी बाभळीच्या मालकानं मला बळेच घरी नेऊन निव्वळ दुधाचा चहा पाजला. त्याच्या शेजारच्या शेतकऱ्यानं रामराम घालणं बंद केलं. तिसऱ्यानं मला बाजूला घेऊन, तो ‘धोबी’ थोडा माझ्या बांधावरून नेता येईल का, असं हळूच विचारलं.

गैरसमज मिटवावा म्हणून मी पारावर बसून सगळं सांगायला घेतलं. म्हटलं, राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला डॉ. सालिम अलींचा. चितमपल्लींनी जंगलखात्यात जन्म घालवला, पक्ष्यांचा कोश लिहिला. मंडळी माना डोलवत होती; जंगलखातं म्हणजे जमीन जात नाही, हे त्यांना माहीत होतं. मग मी म्हणालो, “आणि सालिम अलींनी 1931-32 साली अख्ख्या निजाम राज्यात सर्व्हे केला. आपलं जालना तेव्हा त्याच राज्यात.”

‘सर्व्हे’ म्हटल्याबरोबर पारावरची जागा अपुरी पडली.

“कोणाकडून केला?” आजोबांनी विचारलं.

“खर्च निजाम सरकारचा.”

“मोबदला काय भाव मिळाला?”

“मोबदला नाही. पक्ष्यांचा सर्व्हे होता. कुठं कोणता पक्षी सापडतो, याची नोंद केली.”

“जमीन किती गेली?”

“एक गुंठाही नाही.”

“झाडं?”

“नाही.”

आजोबा गप्प झाले. बाभळीच्या मालकाचा चेहरा उतरला. चहातलं दूध त्याला आठवलं असावं. शेजाऱ्यानं मात्र कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून रामराम घातला.

“म्हणजे,” आजोबा अखेर म्हणाले, “सर्व्हेवाला आला, मोजून गेला, आणि कोणाचंच काही घेतलं नाही?”

“नाही.”

“बारा तारीख म्हणाले नं? नारळ मी आणतो.”