खरंच जाताय?

डोमेन विकताना रजिस्ट्रार कंपनीची लगबग बघावी! पहिलं वर्ष 99 रुपयांत, वर चॅटवर ‘मी आपली काय मदत करू?’ म्हणणारं हसरं चित्र. दुसऱ्या वर्षाचा आकडा बघून गिऱ्हाईक दुसऱ्या रजिस्ट्रारकडे निघालं, की त्याच चित्राला अचानक जेवणाची सुट्टी होते.

‘रिन्यू’चं हिरवंगार बटण प्रत्येक पानावर. ट्रान्सफर लॉक काढायची सोय मात्र सेटिंग्जच्या पोटातल्या सेटिंग्जमध्ये, करड्या बारीक अक्षरांत. तिथवर पोचलात तर ‘आपल्याच सुरक्षेसाठी’ ओटीपी. तो जातो वेबसाइट बनवून देणाऱ्या पोराच्या मेलवर, आणि ते पोरगं केव्हाच बंगळूरला गेलेलं असतं.

नियम तसे गिऱ्हाइकाच्याच बाजूचे. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी ते आयकॅन ही संस्था ठरवते. बदलीसाठी लागणारा कोड गिऱ्हाइकाने मागितला, की जुन्या कंपनीने तो 5 दिवसांच्या आत द्यायचा. त्यामुळे तो पाचव्या दिवशी, मध्यरात्रीच्या जरा आधी उगवतो. मग जुनी कंपनी हळवी होऊन मेल धाडते: ‘खरंच जाताय?’ यावर गप्प बसलात, तरी 5 दिवसांनी बदली आपसूक होते. काहीही न करता काम होण्याची ही दुर्मीळ संधी. पण मेलमध्ये ठळक असते ते ‘बदली रद्द करा’!

नव्या ठिकाणी मुदत वर्षाने वाढते आणि साधारण 60 दिवस पुन्हा हलता येत नाही. तेवढ्यात नव्या कंपनीचा रिन्यूअलचा दर सावकाश वाचून होतो.