एकास पन्नास

नकाशा मी ए-थ्री कागदावर काढला होता. निळ्या शाईत समोच्च रेषा, लाल बाणांनी पाण्याची दिशा, वर कोपऱ्यात उत्तर आणि खाली माझी सही, हुद्द्यासकट. हुद्द्यामागे ‘निवृत्त’ लिहायला जागा उरली नव्हती. ठेकेदाराने कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “काका, ह्यात माड नाय दाखवलात.”

अंगणाच्या मधोमध दोन माड आहेत. समोच्च रेषा त्यांच्या बुंध्यांतून आरपार गेल्या होत्या.

मी कालवे आखणारा माणूस. पाच हजार मीटरांत एक मीटर, इतक्या नाजूक उतारावरून मी मैलोन्‌मैल पाणी नेलं आहे आणि ते निमूटपणे गेलं आहे. दापोलीजवळच्या माझ्या स्वतःच्या अंगणात मात्र ते मृगाला येतं आणि हस्तापर्यंत मुक्काम ठोकतं. बेडूक पायरीपर्यंत येतात. गावात आमच्या घराचा पत्ता ‘तळ्यावरचे इंजिनियर’ असा सांगतात. पोस्टमन तर तो पत्ता नसला तर पत्र उशिरा आणतो, असा मला संशय आहे.

“आंबा संपला की येतो,” ठेकेदार म्हणाला. बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. कोकणात मे अखेरीपर्यंत गडी आंब्यावर असतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. मधल्या फटीत अख्ख्या तालुक्याची गटारं, गडगे, छपरं आणि लग्नं उरकायची असतात. त्या फटीत त्याने मला बसवलं, हे उपकारच. मुरमाचा भाव ब्रासवर, जेसीबीचा तासावर, आणि जेसीबी बघायला जमणाऱ्या गर्दीचा चहा माझ्यावर.

उतार किती, यावर आमचं लगेच जमलं. कोब्याला पन्नास फुटांना एक फूट पुरतो, उघड्या मातीला जरा जास्त लागतो. भांडण झालं ते मोजण्यावरून, आणि त्याबद्दल मला सविस्तर बोलू द्या, कारण घरात आता हा विषय काढायला मला बंदी आहे.

माझ्याकडे डंपी लेव्हल आहे. 1832 साली विल्यम ग्रॅव्हॅट नावाच्या इंग्रज इंजिनियरने बनवलेल्या जातीचं पितळी यंत्र. निवृत्तीनंतर मी ते जुन्या बाजारातून घेतलं, दर रविवारी पुसतो. त्या दिवशी मी हॅट घालून तिपाई रोवली, एक डोळा मिटला आणि “स्टाफ सरळ धर!” असं ओरडलो. ते वाक्य ओरडायला मिळावं म्हणूनच हे काम काढलं होतं की काय, असं ही म्हणते. ठेकेदाराच्या पोऱ्याने तेवढ्यात खिशातून पारदर्शक नळीचं वेटोळं काढलं, बादलीत टोक बुडवून पाणी भरलं, नळीतला बुडबुडा टिचक्या मारून घालवला (बुडबुडा राहिला की नळी खोटं बोलते, एवढंच तिचं शास्त्र), आणि एक टोक पायरीला, दुसरं माडाला लावून खडूने रेघा ओढल्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. त्याला हॅट लागत नाही. मी वही भरून, वजाबाक्या करून, पुन्हा तपासून उत्तर काढलं. ते त्याच्या रेघेवर तंतोतंत बसलं. चुकलं असतं तर निदान वाद घालता आला असता.

“आमची आजी कळशीने बघायची,” पोऱ्या म्हणाला.

माझी आईसुद्धा. पाऊस सरला की दरवर्षी ती अंगण उकरायची, लाल माती घालायची, पाणी मारायची आणि चोपण्याने दिवसचे दिवस चोपत बसायची. मग तुळशीपाशी एक कळशी ओतून पाणी कुठे अडतं ते बघायचं. अडलं तिथे पुन्हा चोपायचं, मग सारवायचं. म्हणजे आमच्या अंगणाचा उतार दरवर्षी नव्याने काढला जात होता. त्याचं ना टेंडर निघालं ना बिल. मी सुट्टीत घरी यायचो, पडवीत खुर्ची टाकायचो आणि तिला कालव्याचा उतार समजावून सांगायचो. ती चोपता चोपता “हो का?” म्हणायची.

तिचे गुडघे गेले तेव्हा आम्ही कोबा घातला. कोबा कोणी दरवर्षी चोपत नाही. खालचा भराव बसत गेला, बाहेर रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, आणि अंगण जागच्या जागी खड्डा झालं.

आता पाणी काढायचं कुठे? आमचं छप्पर शंभर चौरस मीटर, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर. म्हणजे नुसत्या कौलांवरून तीन लाख लिटर, दहा हजारी टँकरचे तीस टँकर. जांभा ते पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. पाणी उतारानं निघून जातं आणि मे महिन्यात याच वाडीत आम्ही हंडे मांडून एका टँकरची वाट बघतो. हे तीस टँकर हाकलून द्यायला मी पैसे मोजत होतो, आणि हा हिशेब नकाशाच्या समासात मांडल्यावर मला दोन रात्री नीट झोप आली नाही.

ठेकेदाराचा सल्ला सोपा होता: “अण्णांकडे सोडा.” अण्णांची जागा खालच्या अंगाला. मी 1882 चा सुविधाधिकार कायदा काढून बसलो: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देणं भाग आहे. अण्णा तलाठी होते.

“नैसर्गिकपणे,” अण्णा म्हणाले. “जेसीबी कधीपासून निसर्गात धरायला लागले?”

शेवटी पाणी परसाकडे वळलं. आधी अळू, मग केळी, मग विहिरीच्या वरच्या अंगाला दगडगोट्यांचा शोषखड्डा, आणि उरलंसुरलं पऱ्याला. ही योजना नकाशात नव्हती. हिने ती ठेकेदाराला पहिल्याच दिवशी, मी उत्तर दिशा काढत होतो तेव्हा, सांगून टाकली होती. त्याने फक्त मला ती सुचायची वाट पाहिली.

मृगाचा पहिला पाऊस दणकून आला. मी छत्री घेऊन अंगणात उभा राहिलो. पाणी वळलं, अळवात शिरलं, पुढे गेलं. गडग्यापलीकडे अण्णाही छत्रीखाली उभे होते. त्यांच्याकडे थेंबही न आल्याने ते जरा हिरमुसलेले दिसले. पंचनाम्याला काही मिळालंच नाही.

“एकास पन्नास ठेवलाय!” मी पावसातून ओरडलो.

“कोणी?” अण्णांनी विचारलं.