कडा अजून यायचाय

वर्डप्रेसवर काय, कोणीही साइट करतो. आपली साइट स्टॅटिकच हवी, असं मी मित्रमंडळींत जाहीर केलं होतं. त्यासाठी निवडलं ह्युगो. २०१३पासूनचं, गो भाषेत लिहिलेलं, शेकडो पानं पापणी लवेपर्यंत तयार करणारं. "डेटाबेस नाही, भानगड नाही, साइट नुसती पळते!" हे मी टपरीवर चहा गाळणाऱ्यालाही ऐकवलेलं आहे. हरिश्चंद्रगडाचे फोटो चढवले आणि साताऱ्याकडच्या गावी आत्याला लिंक धाडली.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "छान आहे रे. आभाळ आलंय. कडा अजून यायचाय."

कॅमेऱ्यातला सहा एमबीचा कोकणकडा मी जसाच्या तसा पानावर ठेवला होता. यावर उपाय एसआरसीसेट. एकाच फोटोच्या ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल रुंदीच्या प्रती करायच्या, इमेज टॅगमध्ये त्यांची यादी द्यायची, कोणती उचलायची ते ब्राउझर बघून घेतो. वर्डप्रेस हे २०१५पासून आपोआप करतं. ही बातमी मित्रमंडळींपर्यंत पोचू नये, याची मी काळजी घेतली आहे.

टेम्प्लेटमध्ये अख्खं ॲट्रिब्यूट प्रिंटएफने जुळवलं आणि टॅगमध्ये सोडलं. सोर्स पाहिला, तर यादीच्या जागी एकच शब्द: झेडगोटीएमपीएलझेड. मी तातडीने लॅपटॉपवर व्हायरस स्कॅन लावला. स्कॅन निर्दोष निघाला. तो शब्द म्हणजे गोच्या टेम्प्लेटवरच्या पहारेकऱ्याचा शिक्का होता: मजकूर ओळखीचा नाही, आत सोडला नाही. सेफएचटीएमएलॲटर लावून मी हमी घेतली, तेव्हा कुठे यादी आत गेली.

तरी लॅपटॉपवर, तीन कॉलमांतल्या एवढ्याशा फोटोसाठी, १२००चीच प्रत येत होती. मी खिडकी आवळत आवळत पार बोळ करून टाकली, प्रत तीच. "अरे, छोटी घे की!" मी ओरडलो. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कोणाला बोलतोयस?" क्रोमला बोलत होतो. मोठी प्रत कॅशमध्ये असली की तो छोटी मागायला जातच नाही, हे तिला तरी काय सांगणार?

खरी मेख साइझेस या जोडीच्या ॲट्रिब्यूटमध्ये होती. सीएसएस पोचायच्या आधीच ब्राउझर फोटो मागवायला लागतो. पानावर फोटोला किती जागा मिळणार, हे त्याला तेव्हा कळायला मार्ग नसतो. आपण साइझेसमध्ये सांगितलं नाही, तर तो स्क्रीनची अख्खी रुंदी धरून चालतो. ही सगळी व्यवस्था क्रोममध्ये २०१४ साली आली. योआव वाइस यांनी त्यासाठी चक्क लोकवर्गणी काढून कोड लिहिला. लोकांनी पदरचे पैसे घातले त्या गोष्टीसाठी माझ्याच्याने एक ओळ लिहिणं झालं नव्हतं.

लिहिली. मोठ्या स्क्रीनवर रुंदीचे तेहतीस टक्के, एरवी शंभर. आता हिशेब चोख लागतो. माझा लॅपटॉप १३६६ पिक्सेलचा. फोटोला जागा साडेचारशेची, म्हणून ४८०ची प्रत येते. आत्याच्या फोनची रुंदी जेमतेम ३६०, पण स्क्रीन अशी बारीक विणीची की त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला पडद्यावरचे आडवे तीन खरे पिक्सेल. गरज १०८०ची, म्हणून तिला १२००ची. म्हणजे घरात फायबर असलेल्या मला हलका फोटो आणि रेंजसाठी गच्चीवर जाणाऱ्या तिला जड. तिच्या जुन्या फोनवर ८००वर भागलं असतं. पण "यात फोटो काय सुरेख दिसतात बघ" म्हणत गेल्या दिवाळीत तिला हा नवा फोन मीच घेऊन दिला.